एकतीस दारं, बत्तीस चुली

आमच्या गल्लीतली एक बाई बारावीच्या इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा बसायच्या आधी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वय चौतीस, घरी सासू, नवरा आणि दोन मुली. अंगणवाडीत मदतनीस. म्हणजे सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, त्यांना खाऊ घालायचं, हातपाय धुवायचे आणि पुन्हा घरोघरी पोचवायचं. तिच्यावरच्या कार्यकर्त्या ताई, म्हणजे अंगणवाडी चालवणाऱ्या बाई, पुढच्या वर्षी वयामुळे निवृत्त होणार होत्या. त्या जागेला बारावी लागते. मुक्त शाळेतून तिनं बाकीचे सगळे विषय काढले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं.

"या उन्हाळ्यात निघालं नाही तं ती जागा जाते जी," ती म्हणाली. "मग साठीपर्यंत मी लेकरायची नाकं पुसतच बसन."

मी मध्य प्रदेशात, सौंसरजवळच्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. फी वगैरे काही नको म्हटलं, पण संध्याकाळी चारला माझ्या मुगवड्या घालायचं काम चालू असतं, त्याला हात लाव. तिनं पदर खोचला आणि बसली. शिकताना ती मला मॅडम म्हणायची आणि वही मिटली की काकू. मॅडमची काकू व्हायला क्षणही लागायचा नाही.

तिचं गाईड हिंदीत होतं. घरात मराठी, कामावर हिंदी, पेपर इंग्रजीचा. गाळलेल्या जागा भरा, असं एक पान होतं. त्यात एकाहून जास्त माणसं एकाच वाक्यात आली की पुढे इज लिहायचं की आर, एवढाच प्रश्न. दर वर्षी येतो. मी तो शाळेत दोन तासांत उरकते. तिच्याकडून तीन आठवड्यांत उरकला नाही.

गंमत अशी की ती सगळं चुकत नव्हती. 'डॉक्टर आणि नर्सेस'पुढे तिनं आर लिहिलं होतं. बरोबर. 'शिक्षक आणि विद्यार्थी', तिथंही आर. 'माझा भाऊ आणि माझी बहीण', आर. पण 'शेतकरी आणि त्याची मुलं' इथं इज. 'राजा आणि राणी', इज. 'माझी सासू आणि मी', तिथं तर जोर देऊन दोनदा गिरवलेलं इज.

पोरं चुकतात ती बहुधा एका बाजूनं चुकतात, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. पहिला शब्द पाहून लिहितात, नाहीतर शेवटचा पाहून. इथं दोन्ही लागू पडेना. शेतकऱ्यानंतर मुलं आली तर इज आणि डॉक्टरनंतर नर्सेस आल्या तर आर, हे काय गणित आहे? मी एका कागदावर तिची बरोबर उत्तरं एका बाजूला आणि चुकीची दुसऱ्या बाजूला लिहून पाहिली. काही दिसलं नाही.

"इथं इज काहून लिहिलं?" मी विचारलं.

"तसंच वाटलं जी."

"आणि इथं आर?"

"तेही तसंच वाटलं."

"असं वाटून चालत नाही."

"नियमानं गेली का हात अडकते मॅडम. वाटलं तसं लिहिलं तं निदान पान भरते."

मी कागद घडी घालून गाईडात ठेवला.

त्याच सुमारास आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या बांधून झाल्या. मुलगा आणि सून वर राहायला जाणार होते. सून पांढुर्ण्याला नोकरीला जाते. जिल्हा झाल्यापासून तिकडच्या कचेऱ्यांत जागा निघाल्या. सकाळची बस धरावी लागते, म्हणून वर एक लहानसा ओटा आणि गॅस घालून दिला. डबा वर करायचा, रात्रीचं जेवण खाली सगळ्यांचं मिळून, असं ठरलं होतं. खोल्यांच्या निमित्तानं गल्लीला जेवण द्यावं असं माझ्या नवऱ्यानं काढलं. आमच्याकडे थंडीत जेवण म्हणजे रोडगे. जाडसर कणकेचे पदर देऊन गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तूप लावायचं, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. काम पुरुष करतात आणि वर्षभर त्याबद्दल बोलतात. पण रोडग्यांचं एक आहे. माणसं वाढली तर ऐनवेळी दोन पोळ्या लाटून टाकल्या, असं होत नाही. निखारे एकदा पडले की पडले. त्यामुळे आकडा आधी पक्का लागतो.

मी यादी केली. गल्लीत एकतीस घरं. आवतन द्यायला तिलाच सांगितलं, कारण ती रोज सगळ्यांच्या दारात जातेच. मी मोबाइलवर निरोप टाकला असता, पण नवरा म्हणाला, "फोनवरच्या आवतनाले कोण येते? माणूस गेला पाहिजे."

आवतन देण्याचेही आमच्याकडे प्रकार आहेत. घरटी एक म्हटलं तर घरातून एकच माणूस येतो, बाकीच्यांचा स्वयंपाक घरी होतो. जोडप्याचं म्हटलं तर दोघं. आणि चूलबंद म्हटलं तर त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे येतात. मी चूलबंद सांगितलं.

तिनं यादी पाहिली. "एकतीस नाही काकू, बत्तीस होतात."

"मी दारं मोजली आहेत."

"दारं एकतीस आहे. ताईच्या घरी दोन आवतनं लागतील."

ताई म्हणजे तिच्याच कार्यकर्त्या ताई. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी. एकच फाटक, एकच अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड. समोरच्या खोल्यांत धाकटा दीर आणि त्याची बायको, मागच्या खोल्यांत ताई, त्यांचे यजमान आणि मुलगा.

"एका अंगणात दोनदा कशाला जायचं?" मी म्हटलं. "समोर सांग, ते मागे सांगतील. सख्खे भाऊ आहेत."

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तं तसं," आणि यादी कमरेला खोचून गेली.

जेवण चांगलं झालं. रोडगे चार उरले, म्हणजे माझा हिशेब बरोबर होता आणि मी तो नवऱ्याला दोनदा ऐकवला. ताईंकडचे धाकटे दीर, त्यांची बायको आणि दोन पोरं आली, पोटभर जेवली. ताई आल्या नाहीत, त्यांचे यजमान नाहीत, मुलगाही नाही. बरं नसेल, असं मी धरलं आणि भांडी मोजायला लागले.

दोन दिवसांनी ती चारला आली. वही उघडली, पण पेनाचं टोपण काढलं नाही.

"ताई सुट्टी देत नाही म्हणते."

"कसली सुट्टी?"

"पेपरची. पेपर पांढुर्ण्याला हाय, दिवस जाते. ताई म्हणते, त्या दिवशी माही मीटिंग हाय, केंद्र बंद ठेवता येत नाही."

"तुला तारीख कालच कळली ना? त्यांची त्या दिवशीची मीटिंग आत्ताच ठरली?"

ती वहीकडे पाहत म्हणाली, "त्यायले आवतन नाही गेलं ना जी. धाकटीले चूलबंद, अन् मोठीले सोडून दिलं. मले म्हणे, 'तुले तं माहीत होतं ना पोरी, दिवाळीपासून आमची चूल वेगळी हाय.' मी काय सांगू? मॅडमनं असं सांगतलं, म्हणू?"

म्हणजे तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं. माझी चूक तिच्या माथी बसली होती आणि त्यात तिची बारावी अडकली होती. मला अपराधी वगैरे वाटत बसण्याची सवय नाही. चूक झाली तर जाऊन निस्तरायची. मी चपला घातल्या.

ताई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"या मास्तरीणबाई."

"आवतनाचं माझं चुकलं ताई. ती सांगत होती दोन आवतनं लागतील, मीच नाही म्हटलं."

"असं का. मले वाटलं पोरगी विसरली." त्यांनी एक खडा काढून फेकला. "तुमालेच मोजता येत नाही तं तिले काय शिकवून राहिल्या तुमी?"

"इंग्रजी शिकवते. आवतन तिच्याकडून शिकावं लागेल."

त्यावर त्या थोड्या हसल्या. मला बसायला पाट सरकवला. "आमी दिवाळीले वेगळे झालो, ते तुमाले तरी कसं कळन. पहिले धूर दिसे. दोन ठिकानाहून धूर निघाला का गल्लीले समजे, भाऊ वेगळे झाले. आता गॅस. बाहेरून सगळं एकच दिसते."

"मग तिला कसं कळलं?"

"तिले विचारा. ते तं कुकरच्या शिट्ट्या मोजते. लेकरू घ्यायले येते तं दारात उभी राहून ऐकते."

मला हे ठाऊक नव्हतं. रोज ज्या दारांवरून मी पंचवीस वर्षं जाते, तिथं ही बाई शिट्ट्या मोजत उभी राहते.

मी विचारलं, वेगळे का झालात? विचारायला नको होतं, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताईंना त्यात काही लपवायचं नव्हतं. भांडण नव्हतं म्हणाल्या. धाकटीची पोरं शाळेला सातला जातात, ताईंचे यजमान बागेतून अकराला येतात. एकाच ओट्यावर दोन वेळा धरता येईनात. "बोलनं चालू हाय. सण एकत्र हाय. पन आवतनाले आमी आता दोन."

"येत्या गुरुवारी जेवायला या," मी म्हटलं. "तुमच्या चुलीला वेगळं सांगायला आले आहे. चूलबंद."

"रोडगेच करान ना?"

"तिघांसाठी रोडगे?"

"गल्लीले रोडगे अन् आमाले वरण-पोळी? मग कायचं आवतन झालं ते?"

नवरा कुरकुरला. तीन माणसांसाठी कोणी गोवऱ्या पेटवत नाही, असं त्याचं म्हणणं. पेटवल्या. गुरुवारी तिघंही आले. ताईंनी वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं आणि दोनदा घेतली. निघताना पायरीवर चपला घालता घालता म्हणाल्या, "माही ती मीटिंग दुपारची हाय म्हना तिले. सकाळचं मी पाहीन, दुपारी धाकटीले बसवीन. जाऊ द्या तिले पेपरले."

"धाकटीला बसवाल?"

"काहून नाही? चूल वेगळी हाय, जाऊ तं तेच हाय ना."

त्या रात्रीची उरलेली भांडी मी दुसऱ्या दिवशी सकाळी घासत होते तेव्हा मला तो घडी घातलेला कागद आठवला. हात पुसून तिचं गाईड काढलं, ते ती माझ्याकडेच ठेवून जायची. शेतकरी आणि त्याची मुलं: इज. राजा आणि राणी: इज. सासू आणि मी: इज. भाऊ आणि बहीण: आर. डॉक्टर आणि नर्सेस: आर. मी उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

चारला ती आली, तेव्हा मी मुगवड्यांचं ताट बाजूला ठेवलं.

"शेतकरी आणि त्याची मुलं कुठं जेवतात?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "घरीच ना."

"आणि डॉक्टर आणि नर्सेस?"

"आपापल्या घरी."

"भाऊ आणि बहीण?"

"बहीण तं सासरी हाय ना जी, मोहगावले."

गाईडातल्या बहिणीचं लग्न झालं असल्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण तिच्या बहिणीचं झालं होतं आणि ती मोहगावला होती.

"एका चुलीवरचे ते इज आणि वेगळ्या चुलीचे ते आर. असं लिहितेस तू."

तिनं वही ओढून घेतली. बोट ठेवून एकेक ओळ पाहत गेली. पान उलटलं, मागचं पाहिलं. मग म्हणाली, "हो तं." पुन्हा पहिल्या ओळीवर बोट नेऊन म्हणाली, "मले माहीतच नव्हतं."

मला वाटतं ती त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या चुकांकडे नीट पाहत होती. मीही पाहत होते. सव्वीस वर्षांत शेकडो पोरांच्या वह्यांवर मी लाल रेघा मारल्या, त्यांतल्या किती रेघांखाली असं काही असेल, हा विचार मनात आला. पण त्याचं आता काही करता येत नव्हतं, आणि पेपर जवळ आला होता.

"हे बघ," मी म्हटलं, "इंग्रजीला चूल दिसत नाही. ती वाढलेली पानं मोजते. सासूचं एक पान, तुझं एक पान. दोन पानं झाली की आर."

"एका घरचे असले तरी?"

"एका ताटात जेवत नाही ना तुम्ही."

"सासू जेवू देईन का एका ताटात," ती म्हणाली आणि हसली.

त्यानंतर ते पान एका तासात संपलं. 'आई, तिच्या मुलांसह' असं एक वाक्य होतं. त्यात मुलं असूनही इज लागतं, आणि तिथं शाळेतली पोरं हमखास पडतात. मी समजावायची तयारी केली होती. तिनं इज लिहून टाकलं. विचारलं तर म्हणाली, "लेकरं कडेवर घेऊन आली ना ते. कडेवरच्याचं वेगळं पान कोण वाढते? पान आईचंच." मी ते उदाहरण आता वर्गात वापरते.

एकाच ठिकाणी तिनं मला अडवलं. फॅमिली या शब्दापुढे गाईडात इज होतं.

"हे कसं मॅडम? फॅमिलीत पानं पाच असतात."

"फॅमिली हा एकच शब्द धरतात."

"म्हणजे इथं चूल मोजली ना?"

मी गाईडातली ओळ पुन्हा वाचली. "हो, इथं मोजली," मी म्हटलं. तिला त्याचं फार समाधान वाटलेलं दिसलं. समासात तिनं पेन्सिलनं छोटी चूल काढली.

पेपरच्या दिवशी ती सातच्या बसनं पांढुर्ण्याला गेली. अंगणवाडीत सकाळी ताई होत्या आणि दुपारी त्यांची धाकटी जाऊ, कडेला स्वतःची दोन पोरं घेऊन. संध्याकाळी ती परस्पर घरी गेली, माझ्याकडे आली नाही. मीही विचारायला गेले नाही. निकाल लागायला पाऊस निम्मा सरला.

पास झाली. जेमतेम, पण जेमतेमसुद्धा गुणपत्रिकेवर पासच छापतात. त्याच आठवड्यात तिनं अर्जाचे कागद जोडून ठेवले. जागा अजून निघायची आहे. निघेल तेव्हा अर्ज तयार आहे. ताईंनी कागद एकदा तपासून दिले, एक फोटो उलटा चिकटवला होता तो सुलटा केला.

नंतरच्या रविवारी सकाळी ती आमच्या दारात आली. हातात वही नव्हती.

"काकू, उद्या संध्याकाळी जेवाले या. साधंच हाय, आलू-वांगे अन् भात. गल्लीतल्या दहा घरायलेच सांगून राहिली. चूलबंद."

"येऊ," मी म्हटलं. मी पालक निवडत होते, डाळ भिजत होती, कुकर अजून ओट्यावर रिकामाच होता.

ती निघाली नाही. जिन्याच्या पायरीशी उभी राहिली.

"वर जाऊ का?"

"सून ना? तिला मी सांगते. जेवायला खालीच येतात ती दोघं."

ती वर पाहत होती. तेवढ्यात वरून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. रविवार होता, डब्याचा प्रश्न नव्हता. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि गेले किती दिवस रात्री खाली किती ताटं घेतली ते आठवून पाहिलं. दोन. राखीपासून बहुधा दोनच. सून बसनं दमून येते, वर काहीतरी टाकून घेते, मुलगा तिथंच बसतो. कोणी ठरवलेलं नव्हतं, भांडणही नव्हतं. सगळ्या गल्लीच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बाईला ते माझ्या आधी कळलं होतं, आणि यावेळी ती मला विचारत होती.

"जा वर," मी म्हटलं. "त्यांना वेगळं सांग."

तिनं चपला जिन्याखाली काढल्या आणि वर गेली. दोघींचं बोलणं खालपर्यंत ऐकू येत होतं. मग सून कठड्यावरून वाकली.

"आई, उद्या आपल्याला आवतन आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला वेगळं आलं."